वळचणीचे पाणी



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस बोलावणे पाठविले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही संपावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर गिरण्यांच्या जमिनींवर बोलावे. आम्ही विषय कळविला, ‘पावसाची साखळी’. चिटणिसांनी फोन करून विचारले, “म्हणजे मानवी साखळी ना?” आम्ही म्हणालो, “नव्हे, छपराच्या कडेला टांगावयाची साखळी.” ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “हरकत नाही. मे महिना आहे. पावसावर बोललात तर लोकांना निदान गार तरी वाटेल.”

तेव्हा आज आम्ही पावसावर बोलणार आहोत. पण विषय निघाला तो एका भांडणातून, आणि भांडणे मिटविणे हा तर आमचा धंदाच आहे. गेल्या पावसाळ्यात गिरगावातील एका वाडीतून आमच्या युनियनचा एक जुना सभासद आमच्याकडे आला. तेथे दोन घरे शेजारी शेजारी आहेत. मध्ये चार हातांची बोळ आहे. एका घरात नवे जोडपे राहावयास आले. दुसऱ्यात आमच्या या सभासदाचे वृद्ध आईवडील. नव्या जोडप्याने पन्हळीचा जुना, फुटका नळ काढून टाकला आणि त्या जागी तांब्याच्या लहान लहान वाट्यांची एक सुंदर साखळी टांगली. पहिल्या पावसात सारी वाडी ती पाहावयास जमली. तिसऱ्या पावसात वाडी पुन्हा जमली, पण ती भांडण पाहावयास. म्हाताऱ्यांच्या भिंतीला गुडघाभर ओल चढली होती. एक बाजू म्हणे, “ही जपानी पद्धत आहे, जगभर लोक लावतात.” दुसरी म्हणे, “जपानचे पाणी आमच्या जोत्यावर कशाला?” दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते, आणि जेथे दोन्ही बाजू खऱ्या असतात तेथेच भांडण कठीण असते.

ते भांडण कसे मिटले ते शेवटी सांगू. प्रथम ही साखळी म्हणजे काय ते पाहू.

जपानात हिला ‘कुसारी-दोइ’ म्हणतात. कुसारी म्हणजे साखळी, आणि दोइ म्हणजे पन्हळ. तेथील देवळांना आणि चहाच्या समारंभाच्या घरांना अशा साखळ्या टांगलेल्या असतात. छपराच्या कडेने पन्हळ जाते, तिच्या भोकातून पाणी खाली यावयाचे. आपण तेथे नळ जोडतो. जपानी माणूस तेथून साखळी सोडतो. खाली दगडांचा थर किंवा दगडी कुंड असते. पाणी कडीवरून कडीवर उतरत खाली येते. नळात पाणी दिसत नाही, नुसते ऐकू येते. साखळीवर ते दिसते.

पाणी मोकळे न पडता साखळी धरून कसे उतरते, असे कोणी विचारील. यात जादू काही नाही. किटलीतून चहा अगदी हळू ओतला म्हणजे धार कपात न पडता तोटीच्या पोटाशी ओघळते आणि टेबलावर सांडते, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. पाणी धातूला चिकटते, आणि पाण्याचा कण पाण्याच्या कणाला धरून राहतो. भिजलेली सुतळी तिरपी धरून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडली तर ती सुतळीवरूनच वाहत जाते. घरी मुलांकडून करवून पाहावे. साखळी तेच करते. मात्र धार बारीक असली तरच. हा ‘मात्र’ लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

साखळ्यांचे दोन प्रकार असतात. एक नुसत्या कड्यांची, दुसरी वाट्यांची. वाटीच्या बुडाला भोक असते, एक वाटी भरून दुसरीत गळते, दुसरी तिसरीत. आपल्याला हे काही नवे नाही. शंकराच्या पिंडीवर जे अभिषेकपात्र टांगतो, ज्याला आपण ‘गळती’ म्हणतो, त्या गळत्या एकीखाली एक बांधल्या की झाली जपानी साखळी. आणि कड्यांची साखळी हवी असेल तर आपल्या जुन्या घरांतील झोपाळ्याच्या पितळी कड्या आठवा. त्यांत हत्ती, मोर, पोपट गुंफलेले असत. घर मोडले, झोपाळा गेला, आणि त्या कड्या मोडीच्या भावाने विकल्या गेल्या. आमच्या पाहण्यात एका कुटुंबाने तशाच कड्या पडवीच्या पन्हळीला टांगल्या आहेत, आणि त्या उत्तम चालतात. भुलेश्वर-पायधुणीकडे तांब्यापितळेचे काम करणारे कारागीर आहेत. परदेशी साखळी मागविण्यापेक्षा त्यांच्याकडून गळत्या करून घेतल्या तर आपल्याच शहरातील एका हातोड्याला काम मिळेल. एवढा आमचा धंदेवाईक पक्षपात आपण सहन करावा.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडे नळही नव्हता आणि साखळीही नव्हती, मग आपले पूर्वज काय करीत होते? त्यांच्याजवळ तीन गोष्टी होत्या, आणि तिन्हींना चांगले मराठी शब्द आहेत. छपराची जी कड भिंतीच्या पुढे येते ती वळचण. तिच्यावरून ज्या धारा लोंबतात त्या पागोळ्या. आणि पाणी वाहून न्यावयाची ती पन्हळ. आपल्यापैकी ज्यांचे गाव कोकणात आहे, आणि लालबाग-परळच्या सभेत ते निम्म्याहून अधिक असतात, त्यांनी पोफळीचे खोड उभे चिरून केलेल्या पन्हळी पाहिल्या आहेत. वळचण हातभर पुढे काढावयाची, पागोळ्या अंगणात पाडावयाच्या, आणि अंगणाच्या कडेने चर खणून पाणी परड्यात किंवा ओहोळात सोडावयाचे, अशी ती व्यवस्था. आणि ती आजची नव्हे. आपल्या मुंबईच्या उत्तरेस कान्हेरीची लेणी आहेत. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तेथील भिक्षूंनी डोंगराच्या अंगावर चर खोदून पावसाचे पाणी दगडात कोरलेल्या टाक्यांत उतरविले. शिलालेखांत त्या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि कोणी दान म्हणून पोढी कोरवून दिली त्याची नोंद दगडावर आहे. पाण्याला वाट करून देणे हे पुण्याचे काम मानले जात होते.

पण कोकणातील घराला अंगण असते. मुंबईतील घराला नाही. येथे एकाच्या वळचणीखाली दुसऱ्याचे जोते असते. यामुळे वळचणीचे पाणी हा येथे सौंदर्याचा प्रश्न न राहता हक्काचा होतो. हेही भांडण जगात जुनेच आहे. रोमन लोकांच्या कायद्यात आपल्या छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जमिनीवर पाडण्याच्या हक्काला स्वतंत्र नाव होते. इंग्रजीत चोरून ऐकणाऱ्याला ‘ईव्ह्‌जड्रॉपर’ म्हणतात. तो शब्दच मुळी वळचणीवरून आला आहे. जेथे पागोळ्या पडतात त्या पट्टीत भिंतीला कान लावून उभा राहणारा, तो ईव्ह्‌जड्रॉपर. आपल्याकडे 1882 चा ईझमेंट्‌स ॲक्ट आहे. वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, अखंड उपभोगलेली वहिवाट हक्क ठरू शकते, असे तो सांगतो. म्हणजे छपराचे पाणी कोठे पडते याकडे शेजाऱ्याने वीस वर्षे डोळेझाक केली तर पुढे तो बोलावयास मोकळा राहीलच असे नाही.

हा प्रश्न मुंबईने नळाने सोडविला. गेल्या दीडशे वर्षांत गिरण्या झाल्या, चाळी झाल्या, आणि प्रत्येक इमारतीच्या अंगावर बिडाचे काळे नळ उतरले. आमच्या वडिलांच्या पिढीने ज्या छपरांखाली आयुष्य काढले ती गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी होती. दोन दात्यांमधील घळीत पन्हळ, आणि पन्हळीतून पाणी नळात. ती तुंबली की गळती सुरू, आणि खाली साच्यावरचे कापड डागी. लंडनमध्ये 1851 साली क्रिस्टल पॅलेस नावाचा काचेचा प्रचंड मंडप उभा राहिला. त्याच्या छपराचे पाणी बिडाच्या पोकळ खांबांतूनच खाली उतरविले होते. खांब तो खांब आणि नळ तो नळ. यंत्रयुगाची बुद्धी ती ही, की पाणी दिसता कामा नये. ते आत घ्या, झाका आणि गुपचूप जमिनीखाली पोचवा.

बुद्धी वाईट नव्हती. नळामुळेच गर्दीच्या वस्त्या पावसात उभ्या राहिल्या. पण झाकलेल्या वस्तूचा एक दोष असतो. ती बिघडली तरी दिसत नाही. लालबाग, परळ, गिरगाव, कोठेही जा आणि मान वर करून चाळीच्या मागच्या भिंतीकडे पाहा. नळाच्या जोडातून पिंपळाचे रोप डोकावत असेल. पाखराने बी टाकले, जोडातील ओलीवर ते रुजले, मुळांनी जोड फोडला, आणि आता प्रत्येक पावसात नळातील पाणी भिंतीत मुरते. आपल्यात म्हण आहे, वळचणीचे पाणी आढ्याला. आढ्याला ते जात नाही हे खरे, पण जोत्याचे पाणी भिंतीत चढते आणि फुटक्या नळाचे पाणी तुळयांत शिरते. तुळईचे टोक भिंतीत कुजते तेव्हा आवाज होत नाही. आवाज होतो तो एकदाच, शेवटी. जुन्या इमारती कोसळल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. त्यांची कारणे अनेक असतात. भाडी गोठली, मालकाने हात काढून घेतला, 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले तरी दुरुस्ती पुरी पडली नाही. हे सारे खरे. पण वर्षानुवर्षे भिंतीत मुरणारे पाणी हे त्यांपैकी एक कारण आहे, आणि ते बहुधा मागच्या बाजूला, कोणी पाहत नाही अशा ठिकाणी मुरत असते.

तर मग सगळे नळ काढून साखळ्या लावाव्यात काय? त्याआधी हिशेब करू. हिशेब सोपा आहे. आम्ही तो शाळेत शिकलो नाही, एका गवंड्याने शिकविला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. बस्स, एवढेच. आता त्या वाडीतील घराचे एका बाजूचे पाखे धरा सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, म्हणजे चोवीस चौरस मीटर. जोराच्या सरीत तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर तासाला बाराशे लिटर, म्हणजे मिनिटाला वीस लिटर, म्हणजे दर मिनिटाला एक मोठी बादली. एवढे पाणी चांगली साखळी थोडेफार उडवीत का होईना, उतरविते. आता चाळ घ्या. तीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, तीनशे साठ चौरस मीटर. त्याच सरीत मिनिटाला तीनशे लिटर. चार कोपऱ्यांना चार नळ असले तर एकेकाच्या वाट्याला पंचाहत्तर लिटर, मिनिटाला जवळजवळ चार बादल्या. एवढी धार साखळीला जुमानत नाही. ती साखळी सोडून मोकळी कोसळते आणि तिसऱ्या मजल्यावरून पडताना वाऱ्याने सगळ्यांच्या गॅलरीत जाते.

आणि मुंबईचा पाऊस सरासरीने वागत नाही. मोसमात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे त्या चोवीस चौरस मीटरांच्या पाख्यावर अठ्ठेचाळीस हजार लिटरांवर पाणी. पण तो काही चार महिने समान वाटून येत नाही. 26 जुलै 2005 या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला पडला अवघा 73. तेच पाखे सांताक्रूझला असते तर त्याने एका दिवसात साडेबावीस हजार लिटरांहून अधिक पाणी ओतले असते, आणि कुलाब्याला सुमारे साडेसतराशे. शहर एक, दिवस एक. मुंबईची जुनी गटारे तासाला पंचवीस मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली. 1993 च्या अहवालाने ते प्रमाण पन्नास करावे असे सुचविले. हिंदमाताजवळ छाती एवढ्या पाण्यातून चाललेल्यांना हे आकडे सांगावे लागत नाहीत. आता दादर-परळच्या मैदानांखाली पाणी साठविण्याच्या टाक्या बांधल्या आहेत. पण त्या टाकीत येणारे पाणी कोठून येते? काही रस्त्यावर पडलेले, आणि काही तुमच्या-आमच्या छपरांवरचे.

वाऱ्याचेही तसेच. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळात कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटरपर्यंत गेला होता. खालून न बांधलेली धातूची साखळी अशा वाऱ्यात काय करील ते काचेच्या तावदानांना विचारावे.

तेव्हा साखळीची जागा ठरते. एकमजली-दुमजली घर असावे, लहान पाखे असावे, पडवी किंवा जिन्यावरचा पत्रा असावा, आणि मुख्य म्हणजे खाली पाणी घ्यावयास स्वतःची जागा असावी. गिरगावच्या वाड्यांतून, खोताच्या वाडीसारख्या कौलारू वस्तीतून, दादरच्या जुन्या बंगल्यांच्या पोर्चला, आणि आपल्या गावच्या घरांना ती शोभेल आणि चालेलही. चाळीला आणि टॉवरला नळच हवा, आणि तो नळ दुरुस्त हवा. लोखंडी साखळी येथील खाऱ्या हवेत गंजते. तांबे टिकते. त्यावर हिरवा कळंक चढतो तो पुष्कळांना आवडतो. मात्र तांबे चोरीला जाते हेही सांगितले पाहिजे. साखळीखाली पिंप ठेवून पाणी साठविणार असाल तर पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्यावेत, कारण छपरावर आठ महिन्यांची धूळ आणि कबुतरांची घाण असते. ते पाणी झाडांना, लादी धुवावयास, मोरीला वापरावे, पिऊ नये. आणि पिंपाला घट्ट झाकण हवे, नाहीतर डासांची पैदास होऊन महापालिकेची नोटीस येते आणि त्याआधी घरात डेंग्यू येतो. डास वरही होतात. पन्हळीला उतार नसला तर पाणी तेथेच साचते. त्या पन्हळीला खाली नळ असो की सोन्याची साखळी असो, डासाला सारखेच.

आता येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही. साखळीचा विचार आम्ही मनावर का घेतला, याचे खरे कारण ती आहे.

काही वर्षांपूर्वी लालबागेतील एका चाळीत पावसाळ्यापूर्वीचे काम निघाले. नळातील पिंपळ काढावयाचा होता. काम एका ठेकेदाराला दिले होते, आणि ठेकेदाराने रोजंदारीवर एक तरुण आणला होता. शिडी पोचत नव्हती. कमरेला पट्टा नव्हता. तो नळाला धरून चढला, जसे मुंबईत शेकडो माणसे रोज चढतात. नळ भिंतीला ज्या कानांनी धरलेला असतो त्यांपैकी एक कान तुटला. तो दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. जीव वाचला, कंबर गेली. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा ठेकेदार म्हणत होता, “हा माझा माणूस नव्हे, नाक्यावरून आला.” चाळकमिटी म्हणत होती, “आम्ही काम ठेक्याने दिले.” मालक म्हणत होता, “दुरुस्ती माझ्याकडे नाही.” पाणी जसे एकाच्या छपरावरून दुसऱ्याच्या जोत्यावर ढकलावे, तशी जबाबदारी एकाने दुसऱ्याकडे ढकलली. त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली आम्ही दावा केला. निकालाला तीन वर्षांवर लागली. रक्कम मिळाली, पण तोपर्यंत त्या मुलाच्या आईचे मंगळसूत्र गेले होते. तो आज गावी बसून काम करतो. कमरेच्या पट्ट्याला किती पैसे पडले असते? एका कुटुंबाच्या एका दिवसाच्या बाजारहाटाएवढे.

बंधुभगिनींनो, त्या दिवशी आमच्या ध्यानात आले की नळात जसे पाणी दिसत नाही तसा नळावरचा माणूसही आपल्याला दिसत नाही. आपण खिडकी लावून घेतो आणि म्हणतो, काम चालू आहे. साखळी चांगली की नळ चांगला, हा वाद आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की आपल्या छपराचे पाणी जमिनीत किंवा गटारात पोचेपर्यंत आपले असते. वाटेत ते कोणाच्या भिंतीत जाते, कोणाच्या जोत्यावर पडते, आणि त्याची वाट साफ करावयास कोण, कशाच्या आधाराने वर चढतो, हे पाहणे आपले काम आहे. साखळीचा गुण असला तर हाच, की ती हे सारे डोळ्यांसमोर आणते. वाट्या तुंबल्या तर खालून दिसतात, आणि साखळी आकडीवरून उतरवून जमिनीवर बसून धुता येते. धार चुकली तर पहिल्याच पावसात शेजारी ओरडतो. नळाच्या बाबतीत तो वीस वर्षांनी ओरडतो, आणि तेव्हा भिंत गेलेली असते.

आता ते गिरगावचे भांडण. आम्ही दोन्ही पक्षांना सांगितले की आज बोलावयाचे नाही, पाऊस येईल तेव्हा बोलावू. कामगार चळवळीत आम्ही एक शिकलो आहोत. खाते पाहिल्याशिवाय तक्रारीवर बोलू नये. दोन दिवसांनी दुपारी पावसाने जोर धरला. आम्ही छत्री घेऊन गेलो आणि दोन्ही घरांच्या माणसांना घेऊन त्या बोळात तासभर नुसते उभे राहिलो. कोणी बोलत नव्हते. पाहता पाहता सगळ्यांनाच दोष दिसला. नळ काढला तेव्हा पन्हळीचे भोक तसेच रुंद ठेवले होते. त्यामुळे जोराच्या सरीत धार साखळीच्या पुढे उडी मारीत होती. साखळीचे खालचे टोक मोकळे होते, ते वाऱ्याने झुलत होते. आणि खाली कुंडच नव्हते, फरशी होती. पाणी फरशीवर आपटून म्हाताऱ्यांच्या भिंतीवर उडत होते. दोष जपानचा नव्हता आणि शेजाऱ्याचाही नव्हता. अर्धी वस्तू आणून पुरी म्हणून लावली होती, हा दोष होता.

मग तडजोड झाली आणि आमच्या सवयीप्रमाणे ती कागदावर उतरविली. भोकाला आत गाळणे बसवून धार लहान करावी आणि ती बरोबर साखळीवर सोडावी. साखळी भिंतीपासून दीड हात पुढे घ्यावी आणि खाली दगडाला बांधावी. खाली दगडी डोण ठेवावी आणि डोणीच्या तोंडातून नळी काढून ती चेंबरला जोडावी. पन्हळीच्या दुसऱ्या टोकाला नवा नळ बसवावा. पाऊस बेताचा असेल तेव्हा पाणी साखळीने यावे, आणि मुसळधार लागली की साखळीवरचे भोक झाकून पाणी नळाने काढावे. म्हाताऱ्यांच्या भिंतीचा गिलावा नव्या जोडप्याने करून द्यावा. पन्हळ दरवर्षी मृगापूर्वी साफ करावी, आणि ज्याला वर चढवाल त्याला शिडी आणि कमरेचा पट्टा दिल्याशिवाय चढवू नये. हे शेवटचे कलम आमचे. दोन्ही पक्षांनी सह्या केल्या.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. पुढच्या मोठ्या पावसात भोक झाकावयास घरी कोणी नव्हते, आणि पाणी पुन्हा बोळात आले. पण या वेळी म्हाताऱ्यांनी भांडण काढले नाही. म्हातारेबुवांनी स्वतः काठीने झाकण लोटले आणि संध्याकाळी तरुणाला सांगितले. आता झाकणाची ती काठी त्यांच्याच दारामागे असते. आणि आजीबाईंनी डोणीशेजारी आपली जुनी तांब्याची कळशी ठेवली आहे. त्यांच्या तुळशीला पावसाचे पाणी त्या साखळीखालून मिळते.

आपल्यापैकी अनेकांची चाळ उद्या पडेल आणि टॉवर उभा राहील. बीडीडी चाळींचे चाललेच आहे. टॉवरला साखळी नसेल. मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था मुंबईत 2002 पासून सक्तीची आहे. तेथे पाणी नळातून टाकीत जाईल, आणि पंचविसाव्या मजल्यावरील माणसाला पाऊस फक्त काचेतून दिसेल. तेथे राहावयास गेल्यावर एक करा. सोसायटीच्या पहिल्या सभेत विचारा, आमच्या गच्चीचे पाणी कोठे जाते? टाकी साफ कोण करतो, आणि त्याला दोर, पट्टा मिळतो काय? लोक हसतील. चिटणीसही आम्हांला हसले होते.

जूनच्या सात-आठ तारखेस मृग लागेल. त्याआधी तीन-चार आठवडे हाती आहेत. घरी जाल तेव्हा एकदा इमारतीच्या मागच्या बाजूला जा आणि मान वर करून पाहा. नळ असेल तर नळ, साखळी असेल तर साखळी, आणि काहीच नसेल तर वळचण. आणि पहिला पाऊस आला की छत्री घेऊन खाली उतरा आणि आपले पाणी कोठे पडते ते पाहा. शेजाऱ्यालाही बरोबर बोलवा.